घासायला ठेवलेली जागा

छापखान्यात ठकूच्या आईचं काम म्हणजे आकडा सांगणं. कुणीतरी यायचं, म्हणायचं, पुस्तक काढायचंय, इतकी पानं, असा कागद, शिवून बांधणी. ही मनातल्या मनात कागद कापायची, प्लेटा चढवायची, शाई सुकवायची, पुठ्ठा चिकटवायची आणि गिऱ्हाईक खुर्चीत नीट टेकायच्या आत आकडा सांगून मोकळी व्हायची.

तो आकडा कधीच खरा नसायचा. मालकांनी पहिल्याच आठवड्यात शिकवून ठेवलं होतं, "पोरी, आकड्याला पोट ठेवायचं. गिऱ्हाईक घासणारच. त्यानं पोट घासावं, हाडाला हात लागता कामा नये." खरा आकडा एका दमात सांगितला तरी गिऱ्हाईक घासायचंच, वर आपल्याला चोर समजायचं ते वेगळं. म्हणून ही चढवून सांगायची, गिऱ्हाईक पाडून मागायचं आणि दोघं मधे कुठेतरी भेटून चहा प्यायची. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. बोलायची रीतच ती.

ठकू झाल्यावर ती घरी बसली. बसली म्हणजे म्हणायला बसली. दिवसभरात बसणं तेवढं होत नसे. ठकू रांगायला लागली, टेबलाखालची धूळ चाखून झाली, आणि एक दिवस मालकांचा फोन आला.

"शाळांची पुस्तकं येऊन पडलीत. येतेस, की दुसरं कुणी बघू?"

"येते की," ती म्हणाली. 'दुसरं कुणी' हे दोन शब्द मात्र फोन ठेवल्यावरही तिच्या कानात बसून राहिले.

घरात माणसं तशी होती, पण मुलाला माणूस नव्हतं. नवरा रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. लोक उपाशीपोटी रक्त द्यायला येतात म्हणून हा उजाडायच्या आधी घराबाहेर. सासूबाई घरात होत्या, जीव ओवाळून टाकायला तयार होत्या, पण गुडघ्यांपुढे त्यांचं काही चालत नव्हतं.

"मी सांभाळली असती गं," त्या म्हणायच्या, "पण तिला उचलायला मी खाली बसले की मला उचलायला आणखी एक बाई ठेवावी लागेल."

मग बाई शोधणं सुरू झालं. पहिली आली तिनं ठकूकडे बघायच्या आधी फोनचा चार्जर कुठे लावू म्हणून विचारलं. दुसरीनं पायात चपला असतानाच उंबऱ्यावरून दर सांगितला, वर ताप आला तर जादा, दात येत असतील तर जादा. सासूबाई आतून म्हणाल्या, "हसली तर काही सूट आहे का विचार."

तिसरी आली ती मावशी. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानदारानं पाठवलेली. थोराड हाडाची, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांवर जाड चष्मा. आल्या आल्या तिनं कोपरापर्यंत हात धुतले, खोलीच्या मधोमध फरशीवर बसली आणि ठकूकडे बघितलंसुद्धा नाही. सासूबाईंनाच विचारत बसली, गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना. ठकूला हा अपमान सोसेना. आजवर घरात येणाऱ्या प्रत्येकानं तिच्याकडे बघून तोंड वेडंवाकडं केलेलं. ती रांगत आली, मावशीच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि चष्मा ओढून तोंडात घातला.

"आजी, ही आता माझ्यापेक्षा स्पष्ट बघेल," मावशी म्हणाली. तेव्हा कुठे तिनं ठकूला मांडीवर घेतलं.

ठकूच्या आईनं मनात पक्कं केलं, हीच. तिनं घाईनं विचारलं, "मावशी, तुम्ही किती घ्याल?"

"तुम्ही सांगा."

"तसं नको. तुमचं काय असेल ते सांगा, मग बघू."

"मी नाही सांगत, ताई. मूल तुमचं. काय झेपतं ते तुम्हाला माहीत. तुम्ही विचार करा, मी उद्या येते."

आली तशी ती गेली. ठकू दाराकडे बघत राहिली, आणि चष्मा सोडवून घेताना मावशीनं दिलेला रिकामा डबा तेवढा तिच्या हातात उरला.

त्या दिवशी ठकूच्या आईनं जिला तिला विचारलं. मोठ्या बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "आकड्याचं नाव काढू नकोस. कालच माझी बाई पळाली." शेजारणीनं आवाज खाली आणून एक आकडा सांगितला आणि लगेच म्हणाली, "पण मी सांगितलं म्हणून नको सांगूस, माझीला कळलं तर ती तोच मागेल." म्हणजे शेजारीण स्वतः देत होती त्याहून जास्त सांगत होती. का, ते तिलाच ठाऊक. औषधवाल्यानं वेगळाच सांगितला. एका गोळीच्या तीन दुकानांत तीन किमती असाव्यात तसं झालं.

दुपारी नवरा आला. जेवता जेवता त्यानं रिपोर्टाच्या कोऱ्या पाकिटावर हिशेब मांडला. तो वाईट माणूस नव्हता. ठकूचं शी-शू न चुकता काढणारा, रक्ताच्या नळ्या हाताळून हाताला हलकेपणा आलेला. त्यानं वर बायकोचा पगार लिहिला, खाली रेघ ओढली.

"हा तुझा. यातून मावशींचे गेले."

"माझ्यातूनच का गेले?"

"मग कुणातून? तू जाणार म्हणून ती येणार ना?"

"आणि तू जातोस ते?"

"मी तर जातोच आहे."

हे काही उत्तर नव्हतं, पण उत्तरासारखं बसलं. खरं तर क्षणभर तिलाही ते बरोबरच वाटलं. घरभाडं त्याच्या पगारातून, वीज त्याच्या पगारातून, आणि ठकूला सांभाळणं तिच्यातून. मावशीचा आकडा एक पायरी वर चढला की हिचा एक पायरी खाली येणार. फार वर गेला तर घरात कुणीतरी, अगदी प्रेमानंच, विचारणार की मग जातेस कशाला? आणि फार खाली आणावा तर समोर ठकू बसलेली, हनुवटीवर लाळ, हातात रिकामा डबा. एवढ्यातच? बाईला जास्त द्यावं तर आपली किंमत कमी, कमी द्यावं तर लेकीची. असलं काम छापखान्यात कधी आलं नव्हतं.

तरीही तिनं आकडा काढला. बाईचा अख्खा दिवस, येण्याजाण्याचं भाडं, ठकूचं आजारपण, रडणं, आणि आपल्याला उरलं पाहिजे ते. सगळं मांडून एक आकडा आला, आणि तो मनाला पटला. एवढे द्यावेत, एवढे देता येतील. हे हाड.

दुसऱ्या दिवशी मावशी येऊन तशीच फरशीवर बसली. सासूबाई खुर्चीत. ठकू मावशीच्या मांडीवर चढलेली. "मग ताई?" मावशी म्हणाली.

आणि ठकूच्या आईच्या तोंडून पोट निघालं. इतक्या वर्षांची सवय. फक्त या वेळी ती विकणारी नव्हती, घेणारी होती. म्हणून तिनं चढवून सांगायच्या ऐवजी पाडून सांगितलं. हाडापेक्षा बरंच खाली. मावशी म्हणेल, अहो ताई, एवढ्यात कसं परवडेल. आपण म्हणू, बरं, थोडे वाढवू. ती म्हणेल अजून थोडे. आणि दोघी हाडावर येऊन थांबू, दोघींनाही बरं वाटेल. पुढचं वाक्य जिभेवर तयार ठेवून ती वाट बघत बसली.

"बरं," मावशी म्हणाली. "हिचे धुतलेले कपडे कुठे असतात?"

ठकूच्या आईनं आतल्या कपाटाकडे बोट दाखवलं.

"म्हणजे," ठकूची आई म्हणाली, "तुम्हाला कमी वाटत असेल तर सांगा बरं का."

"तुम्ही विचार करून सांगितलंय ना?"

"हो, पण..."

"मग झालं."

त्याच घटकेला ती म्हणू शकत होती की नाही, मावशी, चुकलं, मी देणार होते ते वेगळेच. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला विचारत राहिली, का नाही म्हटलं? पण अशी वाक्यं माणसाला वेळ निघून गेल्यावर, जिना उतरताना सुचतात. त्या वेळी तिला फक्त लाज वाटली, आणि लाज ही फार आळशी गोष्ट. ती माणसाला जागचं हलू देत नाही. त्यातून सासूबाई खुश झालेल्या. मावशी कपडे बघायला आत गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "हुशार गं बाई. मी असते तर त्या दुसरीच्या दराला हो म्हणून बसले असते."

दुपारी नवऱ्याला कळलं. "घासाघीस नाही? नशीब काढलंस." त्यानं तेच पाकीट शोधून काढलं. बायकोनं काल सांगितल्यावरून पाकिटावर लिहिलेला आणि आज ठरलेला, या दोन आकड्यांमधे जी जागा होती, तिच्याकडे तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "एवढ्यात आईच्या गुडघ्यांचं होईल."

सासूबाईंना डॉक्टरांनी केव्हाची इंजेक्शनं सांगितली होती. दर महिन्याला एक. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत ती ढकलली जात होती, आणि सासूबाई स्वतःच ती ढकलायला मदत करत होत्या. आता तो नुसता हो म्हणायची वाट बघत होता. त्याच्या डोळ्यांत लहान मुलासारखं काहीतरी आलं होतं. नको, ते पैसे मावशींचे आहेत, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? मावशींनी तर मागितलेही नव्हते.

"कर सुरू," ती म्हणाली.

झालं. ती जागा भरून गेली.

मावशी कामाला मात्र अशी होती की तिच्यात खोट काढायची म्हटली तरी सापडू नये. म्हणजे खोडी होत्याच. ती दिवसभर ठकूशी भांडायची. "अगं ए भवाने, हा चमचा मी तुझ्या नाकासाठी आणला का? तोंड कुठे ठेवलंस?" ठकूला हे भांडण इतकं आवडायचं की भात समोर आला की ती आधी नाक पुढे करायची. दुपारी झोपवताना मावशी अंगाई म्हणायची नाही, बाजारातले भाव सांगायची: बटाटे काय भावानं, कांदे काय भावानं, मीठ महागलं. एकसुरी आवाजात, रेडिओवर बातम्या लागल्यासारखं. मीठ येईपर्यंत ठकू झोपलेली असायची.

आणि ठकूची आई छापखान्यात. कागदाच्या गोदामात रिमांच्या थप्पीमागे दार लावून ती दूध काढायची, कपाळ गार कागदाला टेकवून. तिथूनच घरी फोन लावायची.

"मावशी, काय करतेय?"

"जगतेय."

"रडली का?"

"रडली, हसली, परत रडली. तुम्ही तुमचं काम करा, ताई. इथं सगळं रीतसर चाललंय."

फोन ठेवला की ती मनात मांडायची: मावशी एवढं करतेय आणि आपण काय देतोय. छापखान्यातले जुने बायंडर काका पुस्तकांच्या पाठींना सरस लावत बसलेले असायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं त्यांना सगळं सांगून टाकलं.

काका इतके हसले की सरसाचा ब्रश डब्यात पडला. "पोरी, तू बाईला कोटेशन दिलंस?"

"सवयीनं गेलं हो."

"अगं, कोटेशन घासणाऱ्याला द्यायचं. ती घासणारी नव्हे. तू एकटीच दोरी ओढत बसलीस, पलीकडे कुणी धरलीच नव्हती. पडणारच ना." मग हसू आवरून म्हणाले, "मग वाढव की आता. कुणी हात धरलाय?"

"सासूबाईंच्या गुडघ्यांनी."

काका ब्रश शोधू लागले.

तिनं आपल्या परीनं भरपाई सुरू केली. येताना मावशीसाठी फळं आणायची. स्वतःचा जवळजवळ नवा कोट दिला. छापखान्यात उरलेल्या कागदाच्या वह्या मावशीच्या नातवंडांसाठी दिल्या. बसभाडं म्हणून थोडे जास्त ठेवले, तर मावशीनं बसभाड्यापुरते उचलले आणि बाकीचे टेबलावर सोडले. चोखपणा म्हणून नव्हे, बसचं भाडं तेवढंच होतं म्हणून. वस्तू ती आनंदानं घ्यायची. "कोट झकास आहे. मी घातला की सुनेला वाटतं मी बँकेत जाते." पण फळं आणि कोट कितीही दिले तरी आकडा जिथल्या तिथं होता, आणि पगाराच्या दिवशी पाकीट पुढे करताना ठकूची आई मावशीच्या चष्म्याकडे बघायची नाही.

शेवटी एकच वाट उरली. आपला पगार वाढवून घ्यायचा आणि तेवढा तसाच मावशीला द्यायचा. म्हणजे पाकिटावरची रेघ आहे तिथंच राहील, गुडघे राहतील, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही. शाळांच्या पुस्तकांचा गठ्ठा वेळेत बाहेर पडला त्या दिवशी ती मालकांच्या टेबलासमोर उभी राहिली.

मालकांनी नेहमीसारखं पाडून सांगितलं. हिनं चढवून मागितलं. मालक म्हणाले, कागद महागला. ही म्हणाली, माणूसही महागलाय. मालक म्हणाले, तुलाच शिकवलं आणि तू माझ्यावरच. मधे कुठेतरी भेटले दोघं. मालकांनी चहा मागवला. पुढच्या महिन्यापासून लागू.

घरी येताना बस मिळाली तरी तिला ती हळू वाटत होती. काय म्हणायचं ते तिनं ठरवून टाकलं होतं: मावशी, मला बढती मिळालीय, तर तुम्हालाही. इतकं सोपं. जुनं काही उकरायला नको.

दार मावशीनंच उघडलं. ठकू कडेवर, दोघींच्या तोंडाला केळं. सासूबाई त्या दिवशी मुलाबरोबर इंजेक्शनाला गेल्या होत्या.

"बरं झालं लवकर आलात," मावशी म्हणाली. "बोलायचं होतं. तुमच्या वरच्या मजल्यावर त्या दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत ना."

ठकूच्या आईनं चपला काढल्या, त्या सरळ लावल्या, मग पुन्हा सरळ लावल्या.

"त्यांची बाई गावाला गेली कायमची. बाळ आहे, हिच्याहून लहान. काल जिन्यात विचारलं मला. आकडा सांगितला. मी हो म्हटलंय. महिना तुमचा पुरा करते, अर्ध्यावर टाकून जायची नाही."

"किती सांगितला?"

मावशीनं सांगितलं. आडपडदा काही नव्हताच तिला.

तो आकडा ठकूच्या आईच्या हाडापेक्षा कमी होता. फार नाही, पण कमीच. डॉक्टरीणबाईंनी जिन्यात उभ्या उभ्या, पिशवी या हातातून त्या हातात घेता घेता, सहज सांगून टाकलेला आकडा. हिनं सगळं मांडून काढला होता त्याच्याही खालचा. आणि तरी हिनं तोंडानं सांगितला होता त्याच्या कितीतरी वर.

"मावशी, मी त्याहून जास्त देते." वाक्य तोंडातून गेलं तेव्हा ठरवलेलं सगळं ती विसरली होती. बढती नाही, काही नाही. "त्या देतायत त्याच्या वर. खरंच. पहिल्यापासूनच तेवढे द्यायचे होते मला."

मावशी ठकूचं तोंड पुसत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे होते तुमच्याकडे?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला काहीतरी उत्तर देता येतं.

"होते, म्हणजे तसे नव्हतेही," ठकूची आई म्हणाली. "मला वाटलं तुम्ही वाढवून मागाल. आमच्याकडे कामावर तसंच असतं. कमी-जास्त सांगायचं, मग मधे..."

"मला वाटलं तुमची ऐपत तेवढीच," मावशी म्हणाली. "भाड्याचं घर, म्हातारं माणूस आजारी. म्हटलं, बाई खरं सांगतेय, असेल तेवढं देतेय. म्हणून तर बरं म्हटलं. चार पैसे कमी आले तर आले."

ठकूनं मावशीचा चष्मा काढला. मावशीनं तो परत घेतला नाही, तशीच मिचमिच्या डोळ्यांनी बोलत राहिली.

"माझं एक सांगते. फार मागे एका घरी मी घासाघीस केली होती. पुष्कळ ताणलं, त्यांनीही ताणलं. ठरलं एकदाचं. पण मग ते मूल रडायला लागलं की माझ्या डोक्यात तेच यायचं. एवढ्यात एवढंच. दोनदा उचललं, आता तिसऱ्यांदा कशाला. मुलाचा काय दोष? तेव्हापासून मी भाव करत नाही. समोरच्यानं पहिला सांगितला तो घ्यायचा नाहीतर सोडायचा, आणि मग तो विसरून जायचा. तुमचाही विसरले होते मी."

"मग आताही विसरा ना. राहा ना, मावशी. ठकूला कोण..."

"डॉक्टरीणबाईंना हो म्हटलंय, ताई. तिकडे नाही म्हणून इकडे जास्त घेतले, तर घासाघीसच झाली की परत." तिनं ठकूला आईच्या हातात दिलं आणि चष्मा पुसायला घेतला. "आणि वरच तर आहे मी. एक जिना."

ती गेल्यावर ठकूची आई तिथंच बसली, मावशी बसायची त्या फरशीवर. पर्समध्ये मालकांनी दिलेल्या वाढीचं पत्र होतं. ठकूनं ते ओढून काढलं आणि एक कोपरा खाऊन टाकला. तिला थांबवावं असंही वाटलं नाही.

सासूबाई आल्या. जिना चढून आलेल्या, धापा टाकत, पण कुणाचा हात न धरता. त्या आनंदात त्यांनी मुलाला मागेच सोडलं होतं. सुनेचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारता सगळं बाहेर आलं. त्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या.

"म्हणजे ते पैसे इथं आहेत," त्या म्हणाल्या.

"आई, असं नका म्हणू."

"अगं, मग तिला सांगायचंस ना तसं. म्हणायचं, पैसे म्हातारीच्या गुडघ्यांत आहेत."

"कसं सांगू? तुमच्यामुळे तुम्हाला कमी दिले, असं?"

सासूबाईंनी गुडघ्यावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "मी आता इंजेक्शन घेत नाही." सून म्हणाली, "असं कसं, अर्ध्यावर सोडून चालतं का?" दोघींनाही माहीत होतं की बंद केलं तरी मावशी काही परत येत नाही. नवरा वर आला, ऐकलं, पाकीट शोधायला लागला, मग ते ठेवून दिलं. "तू मला सांगितलं असतंस तर," एवढंच म्हणाला. तिनं सांगितलं असतं तर त्यानं काय केलं असतं, हे त्यालाही ठाऊक नसावं.

मावशीनं महिना पुरा केला, आणि त्या दिवसांत एक घासही कमी भांडली नाही ठकूशी. ठकूच्या आईला आशा होती की शेवटच्या दिवशी काहीतरी बोलणं होईल, निदान डोळे भरतील कुणाचे तरी. तिनं पाकिटात जमेल तेवढे जास्त घातले. मावशीनं मोजून घेतलं, जास्तीचे बघितले, "ठेवते," म्हणाली, पिशवीत टाकले, ठकूच्या गालाला नाक लावलं आणि गेली. तक्रार करायला जागा म्हणून ठेवली नाही.

नवी बाई शोधायचं कुणाच्या मनात आलं नाही. चौथ्या गल्लीत एक पाळणाघर होतं. त्याच्या भिंतीवर फलक होता आणि फलकावर दर लिहिलेला, वयाप्रमाणे, तासाप्रमाणे, पक्क्या रंगात. विचारायची सोय नाही, सांगायची सोय नाही. ठकूच्या आईनं तो मुकाट्यानं भरला. मावशीसाठी काढलेल्या हाडापेक्षा तो बराच मोठा होता. वाढ मिळाली होती ती त्यात गेली, आणि वर आणखीही. नवऱ्यानं या वेळी पाकीट काढलं नाही.

सोमवारी सकाळी ती ठकूला कडेवर घेऊन निघाली. खांद्याला एक पिशवी ठकूची, एक स्वतःची, बगलेत छत्री. कुलूप लावून वळते तोच वरच्या मजल्यावरून आवाज आला, एकसुरी, बातम्यांसारखा. बटाटे काय भावानं, कांदे काय भावानं.

ठकू ताठ झाली.

मावशी जिन्याच्या वळणावर आली. अंगात तोच कोट. कडेवर डॉक्टरीणबाईंचं बाळ, टक्कल, डोळे अर्धे मिटलेले. जिन्यात फेऱ्या मारून ती त्याला झोपवत होती. या दोघींना बघून ती थांबली, पण बोलणं थांबवलं नाही, थांबवलं असतं तर बाळ जागं झालं असतं. मीठ महागलं, म्हणत तिनं ठकूकडे बघून भुवया उडवल्या.

ठकूनं दोन्ही हात पसरले. नाक पुढे केलं.

मावशीचा एक हात बाळाच्या पाठीखाली होता, दुसरा डोक्याखाली. ती जागची हलली नाही. तांदूळ आहे तसाच, ती म्हणाली, तेल उतरलंय. तिचे डोळे जाड चष्म्यामागे कसे होते ते खालून दिसत नव्हतं.

"चल ठकू, उशीर होतोय," ठकूची आई म्हणाली आणि एक पायरी खाली आली. ठकू मागे वाकली. दोन पिशव्या, एक छत्री आणि जिना, यांतून तिला सरळ करायला आईकडे हात उरला नव्हता. ठकूचं सगळं वजन वरच्या बाजूला झुकलेलं, आणि आईला खाली जायचं होतं. ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि लेकीचे हात आपणहून खाली येण्याची वाट बघू लागली.